खटक्याचं कुलूप

आमच्या हत्यारांच्या पेटीचं कुलूप बिघडलं तेव्हा ते मी स्वतःच बदलायचं ठरवलं आणि माझ्या बायकोनं, बेबानं, मला अडवलं नाही. (ती अडवते तेव्हा मी ऐकत नाही, आणि अडवत नाही तेव्हा मला भीती वाटते.) पेटीला कुलूप हवंच होतं. धुळ्यात, देवपूरच्या आमच्या गल्लीत, पक्कड एकदा शेजारी गेली की लग्न झालेल्या मुलीसारखी सणासुदीलाच माहेरी येते. जुन्या कुलपात चावी नुसती गोल फिरायची, पेटी काही बंद व्हायची नाही.

संध्याकाळी पाचकंदीलच्या बाजारात, रतिलालशेठच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. पेटीचं कुलूप द्या म्हटलं. कसलं, त्यांनी विचारलं. छोटं, गोल, मधोमध चावी जाते असं, मी सांगितलं. शेठनी शांतपणे माहिती दिली की त्यांच्याकडच्या बठ्ठ्या, म्हणजे सगळ्याच, कुलपांत चावी जाते. मग भोक केवढं, पत्रा किती जाड, आतली जीभ लांब की आखूड, ती डावीकडे वळते की उजवीकडे, असं ते विचारत गेले आणि मी प्रत्येक वेळी बोटांनी हवेत काहीतरी दाखवत गेलो. शेवटी त्यांनी डोळे चोळले.

"पितांबरभाऊ, पेटीच घेऊन या. सकाळी, गिऱ्हाईक नसताना."

सकाळी म्हणजे ऑफिसच्या वेळात. मी ताप आल्याचा निरोप रात्रीच ऑफिसच्या शिपायाकरवी साहेबांना धाडला आणि सकाळी पेटी खांद्यावर घेऊन निघालो. (पेटी इतकी जड होती की पाचकंदील येईपर्यंत ताप खरा वाटू लागला.)

पेटी बघताच शेठनी जुन्यासारखंच कुलूप काढून पुढं ठेवलं. काम संपलं होतं. पण माझी नजर शेजारच्या डब्यातल्या खटक्याच्या कुलपावर गेली. झाकण नुसतं दाबायचं, चावी फिरवायची भानगडच नाही! शेठ म्हणाले, साधंच घ्या. मी म्हणालो, हेच द्या. तिथंच बसून जुनं काढलं, नवं बसवलं, हत्यारं आत रचली. चाव्या हरवू नयेत म्हणून दोन्ही स्क्रूड्रायव्हरशेजारी नीट ठेवल्या आणि झाकण दाबलं. टक्क. फार समाधान वाटलं.

परत येताना गल्लीच्या अलीकडे एका फाटकाशी उभ्या असलेल्या बाईंनी मला हाक मारली. मिस्त्री, किती वाट बघायची, केव्हाचा निरोप पाठवलाय, असं त्या बोलतच राहिल्या. मी मिस्त्री नाही हे सांगायला तोंड उघडेपर्यंत त्यांनी मला थेट न्हाणीघरासमोर नेऊन उभं केलं होतं. आतली कडी अडकली होती आणि त्यांचे यजमान सकाळपासून आत होते.

"मिस्त्री, जरा लवकर करा," आतून आवाज आला. "मला ऑफिस गाठायचंय. त्यात आज आमचा एक कारकून तापानं झोपलाय."

आवाज ओळखीचा निघाला. नागपूरहून नुकतेच बदलून आलेले हे आमचे साहेब! इथं राहतात हे मला कुठं ठाऊक? पळावं तर मागं बाई उभ्या. मग मी आवाज जाड केला आणि आमच्या अहिराणीचा आधार घेतला.

"सायेब, कडी बठ्ठी जाम व्हयेल शे."

बाई म्हणाल्या, मग पेटी उघडा की. मी खिसे चाचपले आणि मला स्क्रूड्रायव्हर आठवला. पेटी उघडता येणार नाही, मी म्हणालो. का? चाव्या आत आहेत. कशाच्या आत? पेटीच्या. त्यांनी पेटीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

"म्हणजे आमचे हे आत, आणि तुमच्या चाव्याही आत."

आता लाज वाचवायला एकच उपाय होता. साहेबांना मांगे सरका म्हणून सांगितलं, पेटी उचलली आणि कडीच्या जागी दारावर आदळली. फळी चिरली, कडी खिळ्यांसकट आत पडली, दार उघडलं. (पेटीचं कुलूप जागचं हललं नाही. माल चांगला होता.)

टॉवेल गुंडाळलेले, अंगावर साबण वाळलेले साहेब बाहेर आले. मला पाहून थबकले.

"पितां..." इतकंच म्हणाले आणि थांबले. माझा खोटा ताप त्यांनी उघडा पाडला, तर साहेब न्हाणीत कोंडले होते हे उद्या ऑफिसला कळणार, हे बहुधा त्यांच्याही लक्षात आलं. मग ते कपडे करून खुर्चीत बसले, मी पायरीवर, आणि चहा आला.

"मिस्त्री, तब्येत बरी ना तुमची?" साहेबांनी विचारलं. "अंग तापल्यासारखं दिसतंय."

"बरं शे," मी कपात बघत म्हणालो.

बाई मात्र चिरलेलं दार, उखडलेली कडी आणि माझी बंद पेटी पुन्हा पुन्हा न्याहाळत होत्या. अखेर त्यांना राहवलं नाही.

"मिस्त्री, रागावू नका. पण हातात कसब नसेल तर माणसानं या धंद्यात पडू नये. सरळ एखाद्या ऑफिसात कारकून व्हावं."

साहेबांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, कप खाली ठेवला.

"तिथंही यांचा काही उपयोग व्हायचा नाही," ते म्हणाले.