एसी पाणी भरेल

"आपल्या कूलरपुढे एसी पाणी भरेल," हे कूलरवाल्याचं ठरलेलं वाक्य. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला तो ते ऐकवायचाच, आणि गिऱ्हाईक नसलं की बायकोला. इतकी वर्षं ते खोटंही नव्हतं. त्या गावाची हवा अशी कोरडी, की धुतलेला रुमाल दोरीवर टाकून पाठ फिरवेपर्यंत कडक व्हायचा. गवताच्या जाळ्यांवर पंपानं पाणी सोडायचं, पंखा लावायचा, की घर गार.

यंदा मात्र हवेला काय झालं कोण जाणे. आभाळ भरून यायचं आणि तसंच लोंबकळत राहायचं. बरणीतलं मीठ पाझरलं, काडेपेटी पेटेना, रुमाल दिवस दिवस दोरीवर ओलाच. आणि गावभरचे कूलर असा वारा सोडायला लागले, जणू कुणी तोंडाजवळ येऊन श्वास टाकतंय.

"अहो, अंग नुसतं चिकचिकतंय," बायको म्हणाली.

"पाणी कमी पडत असेल," तो म्हणाला, आणि दुकानातून दुसरा कूलर घरी आणला. ती पुन्हा कुरकुरली तेव्हा तिसरा आणला. बाहेरची दमट हवा आत यायला नको म्हणून खिडक्या लावून घेतल्या. दुपारपर्यंत भिंतींनाही घाम फुटला.

"मी ताईकडे चालले. तिच्याकडे एसी आहे."

कूलरवाल्याची बायको एसीत झोपायला गेली, एवढं बाजारात कळलं की दुकानाला कुलूपच. शिवाय ताईकडे एकदा गेलेली बायको उन्हाळा सरेपर्यंत परतायची नाही, आणि तिच्यावाचून त्याला घरातला साखरेचा डबाही सापडत नव्हता.

"चार दिवस थांब की."

"थांबले असते. पण भिजत घातलेल्या मटकीसारखी गत झालीय माझी. आता मोड यायचे तेवढे राहिलेत."

तिनं ताईला फोन करून, तिचं काही ऐकून न घेताच भावोजींना पाठवायला सांगितलं, आतल्या खोलीत गेली आणि दार धाडकन लावून घेतलं. बॅग भरून ती निघाली, तर दार हलेना.

"अहो, दार ढकला."

"कडी काढलीस का?"

"कडी कधीच काढलीय. दार फुगलंय."

त्यानं खांदा लावला. दार ढिम्म. "बिजागऱ्यांत तेल सोडू का?"

"बिजागऱ्यांना काय धाड भरलीय? दार तुमच्या कूलरचं पाणी प्यालंय. आधी ते पंप बंद करा."

"पंप बंद केला तर कूलर म्हणजे नुसता पंखा गं. लोक काय म्हणतील?"

"लोक आत अडकलेले नाहीत. मी अडकलेय."

क्षणभर त्याच्या मनात आलं, फुगलंय ते बरंच झालं, जात तरी नाही. तेवढ्यात आतला आवाज थांबला.

"अगं, ऐकतेस ना?"

उत्तर नाही. बायको बोलायची थांबली, असं लग्नापासून कधी घडलं नव्हतं. कूलरवाला घाबरला. धावत जाऊन त्यानं सगळे पंप बंद केले, खिडक्या सताड उघडल्या आणि दाराशी येऊन म्हणाला, "केले बंद. चुकलं माझं. गार होत नव्हतं, ते मलाही कळत होतं."

आतून आवाज आला, "तिसरा पण?"

"तिसरा पण."

इतक्यात बाहेर गाडी थांबली. साडू आत आला. अंगानं चांगला भरलेला, आणि डोक्यावर गादीची गुंडाळी.

"न्यायला आलात ना? दार उघडलं की न्या," कूलरवाला पडेल आवाजात म्हणाला.

"कुठं नेऊ? आमचीच झोपायची पंचाईत झालीय. एसीतून धार लागलीय रे पलंगावर. बादली लावली, भरली. ओतली, पुन्हा भरली. आमची ही सकाळपासून तेच करतेय. ही गादी कुठं वाळते का बघावं म्हणून आलो."

"म्हणजे एसी..." कूलरवाल्याला वाक्य पुरं करायचा धीर होईना.

"पाणी भरतोय," दाराआडून बायको म्हणाली, आणि तिचं हसणं काही केल्या थांबेना. साडूलाही हसू आवरेना. तो गादीसकट दाराला टेकला. इतका वेळ कूलरवाल्याला न जुमानणारं दार साडूच्या वजनानं मात्र मुकाट उघडलं. साडू आत जाऊन आपल्याच गादीवर पालथा पडला.

बायको त्याला वळसा घालून बाहेर आली. उघड्या खिडकीतून झुळूक येत होती. ती खिडकीशी गेली, झुळकीवर मान पुसली, मग बॅग कोपऱ्यात ठेवून म्हणाली, "आता बरं वाटतंय. भावोजींची गादी कूलरसमोर उभी करा. आणि पंपाला हात लावलात तर बघा."

कूलरवाल्यानं बिनपाण्याचे तिन्ही कूलर गादीकडे वळवले.

"वाळेल का रे?" साडूनं विचारलं.

"आपल्या कूलरपुढे..." कूलरवाल्यानं सवयीनं सुरुवात केली, बायकोकडे पाहिलं, आणि म्हणाला, "वाळेल."