एक जूनचं कोरं पान

आमचे महादू गुरुजी माणसाला नाव विचारत नाहीत, तारीख विचारतात. "तारीख बोला," म्हणतात. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटतं, म्हाताऱ्याला आजची तारीख हवी आहे. तो बिचारा भिंतीवरचं कॅलेंडर बघून सांगतो. गुरुजी शांतपणे मान हलवतात. "आजची मला म्हाईत हाये, राव. तुमची बोला. जन्माची."

तारीख सांगितली की खांद्यावरच्या पिशवीतून एक जाडजूड रजिस्टर बाहेर येतं. खाकी पुठ्ठा, कडा मऊ झालेल्या. बोटाला थुंकी लावून ते पान काढतात, चष्मा कपाळावरून नाकावर आणतात आणि समोरच्याला सांगतात, "तुमी एकटं न्हाई, भाऊ. तुमच्या दिवशी एक गवई जन्मला, एक राजा जन्मला, आनि आगगाडीचा रूळ सुदारनारा एक इंजिनेर जन्मला." मग मिनिटभर थांबतात. त्या मिनिटात समोरचा माणूस हमखास थोडा ताठ बसतो. कांद्याच्या गोणीचा भाव ऐकून खचलेला माणूससुद्धा राजाचं नाव निघाल्यावर टोपी सारखी करतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

खरं तर राजाचं नाव निघतच नाही. गुरुजी कुणाचंच नाव सांगत नाहीत. वहीत रकानेच दोन, तारीख आणि काम. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "नाव ऐकलं की मानूस हात जोडतो आनि ऐकायचं थांबतो. वही सुरू करायच्या आदी मी नावं सांगायचो. तर गावात जयंतीचे दोन बोर्ड लागले, आनि दोन्ही बोर्डांची भांडनं लागली. तवापासनं नाव बंद. काम ऐका."

हा छंद त्यांना शाळेने लावला. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एकशिक्षकी शाळांत त्यांची सगळी नोकरी गेली. रोज सकाळी फळ्यावर वर सुविचार आणि खाली दिनविशेष लिहायचा, हा नियम. सुविचार ते तोच तो लिहायचे, पण दिनविशेषात मात्र रमायचे. निवृत्त झाले, कळंबला घर बांधून राहिले, फळा सुटला, दिनविशेष काही सुटला नाही.

माझं दुकान कळंबला हायवेच्या कडेला आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, दाखले. दुकानापुढच्या बाकावर गुरुजी दहा वाजता येऊन बसतात ते जेवणवेळेपर्यंत. माझ्यावर त्यांचा जीव आहे असा माझा बरेच दिवस समज होता. मग लक्षात आलं की माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला जन्मतारीख सांगावीच लागते. गुरुजींना आयतं गिऱ्हाईक. मी फॉर्म भरत असतो आणि मागून आवाज येतो, "भाऊ, तुमच्या दिवशी एक दातांचा डॉक्टर जन्मलाय. दात जपा."

या वहीने एकदा आमच्या घरचं लग्न मोडत आणलं होतं. माझ्या भाच्यासाठी वारूळवाडीला मुलगी बघायला गेलो. चार वडीलधारी माणसं हवीत म्हणून गुरुजींना घेतलं. माझीच चूक. पोहे आले, मुलगी आली, शिक्षण विचारून झालं, आणि गुरुजी म्हणाले, "तारीख बोला, बाळ." मुलीने सांगितली. वही निघाली. "या दिवशी एक रानी जन्मली. लई हुशार. तीन नवरे झाले तिचे." मुलीच्या वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. माझ्या बहिणीने माझ्याकडे असं बघितलं की मी पंख्याकडे बघू लागलो. गुरुजी मात्र निवांत. खाली बोट फिरवत म्हणाले, "थांबा की. याच दिवशी एक नर्स जन्मली. साथीच्या रोगात दारोदार फिरली, सोता आजारी पडली तरी घरी बसली न्हाई." तेव्हा ती मुलगी पहिल्यांदा मान वर करून बोलली, "गुरुजी, मला नर्स चालेल. राणीचं मग बघू." सगळे हसले आणि लग्न ठरलं. ती आता आमची सून आहे आणि माझा भाचा तिला अजून वचकून असतो.

एवढ्या सगळ्यात एक गोष्ट मला खटकायची. वहीत तीनशे सहासष्ट पानं आहेत. एकोणतीस फेब्रुवारीचं पान मागाहून सुचल्यामुळे मध्येच चिकटवलेलं. सगळी भरलेली, फक्त एक कोरं. एक जूनचं.

आता आमच्या भागात एक जून म्हणजे काय ते सांगायला हवं. या तारखेला अर्धा तालुका जन्मलेला आहे. त्या सकाळी गावाच्या ग्रुपवर इतके केक येतात की माझा फोन गरम होतो. कारण साधं आहे. पूर्वी आईबाप पोराला हाताला धरून शाळेत आणायचे. तारीख कुणालाच ठाऊक नसायची. गुरुजी पोराला सांगायचे, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धर. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण. शाळा जूनमध्ये उघडणार, मग लिहा एक जून. नाव घालणारे गुरुजी सगळीकडे असंच करत. आमचे गुरुजीही त्यातलेच.

दुकानात कुणी "एक जून" म्हटलं की महादू गुरुजी रस्त्याकडे तोंड फिरवायचे. एकदा एका गड्याने हट्टच धरला, "आमच्या दिवशी कोन ते बी सांगा की." गुरुजी म्हणाले, "तो तुमचा दिवस न्हाई, भाऊ. तो माझ्या हाताचा दिवस हाये. आयाबाया सांगाय यायच्या. गुरुजी, नाचणी काढत व्हते तवा झाली. गुरुजी, म्हस यायली त्याच दिशी झाला. मी ऐकून घ्यायचो आनि लिवायचो एक जून. पोरांचं दिस मीच पुसलं."

पण खरं दुखणं त्या गड्याचं नव्हतं. ते घरचं होतं, आणि त्यात माझाही हात आहे.

आधार कार्डाचा कॅम्प लागला होता तेव्हा मशीनवर मी बसलो होतो. गुरुजी अनसूयाकाकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, घेऊन आले. मी विचारलं, काकू, जन्मतारीख? काकू काही बोलणार एवढ्यात गुरुजी सवयीने म्हणाले, "एक जून." मी टाइप केलं. काकूंनी नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि अंगठा लावला. ते बघणं मला आठवतं. शाळेतल्या पोरीने चूक नसताना छडी खाल्ल्यावर बघावं तसं होतं.

मागच्या हिवाळ्यात काकू मोरीत घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. मंचरला दवाखान्यात ठेवलं होतं. मी भेटायला गेलो तेव्हा मनगटाला बांधलेली नाव-तारखेची पट्टी त्या वाचत होत्या. वाचायला जेमतेम येतं, पण आकडे पक्के. मला म्हणाल्या, "भाऊ, ही तारीख कुनाची रं?" मग उशाशी बसलेल्या गुरुजींना म्हणाल्या, "अवो, सगळ्या जगाला सांगता. माज्या दिवशी कोन जन्मलं वो?"

गुरुजींना पहिल्यांदा वही उघडता आली नाही.

तेव्हापासून त्यांचं बाकावर बसणं कमी झालं. काकूंचं माहेर डोंगरातली खालची वाडी. ती धरणाच्या पाण्यात गेली, माणसं पांगली, सुईण वारली, आईबाप कधीच गेले. गुरुजी एसटीने वरच्या गावांना जायचे, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारायचे, आणि संध्याकाळी चेहरा पाडून परत यायचे. एकदा घामाघूम होऊन बाकावर टेकले आणि म्हणाले, "राव, हाड काय जुळंल नायतर न्हाई. पर तिचा दिस तिला दिल्याबिगर तिला जाऊ द्यायची न्हाई." मी चहा सांगितला. दुसरं काय करणार?

काकूंना याचं कौतुक नव्हतं. ओट्यावर खाटेवर बसून त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "म्हातारपनी बायकूचा वाडदिस शोदत फिरत्यात. गुडगं आदी दाखवा म्हनावं." पण ते परतायच्या वेळेला त्यांची नजर एसटीच्या वाटेकडे असायची, हे मी येता-जाता पाहिलं आहे.

आणि मग हिराबाई आल्या. मंचरच्या बाजारात व्यापाऱ्याकडे कांदा निवडायला जाणाऱ्या म्हाताऱ्या बाई. त्यांना हयातीचा दाखला हवा होता. त्यासाठी मशीनवर अंगठा लागतो, आणि जन्मभर कांदा चाळून त्यांच्या बोटांच्या रेघा झिजून गेलेल्या. मशीन काही त्यांना जिवंत मानायला तयार होईना. त्या पदराला अंगठा पुसत होत्या, मी पुन्हा दाबा म्हणत होतो. गुरुजी त्या दिवशी नेमके बाकावर होते. सवयीने म्हणाले, "तारीख बोला, बाई."

"एक जून."

गुरुजींनी तोंड फिरवलं. मी अंगठ्याऐवजी डोळे तपासणारं मशीन जोडता जोडता सहज विचारलं, "मावशी, माहेर कुठलं?"

"आता कुठलं माहेर? पान्यात गेलं. खालची वाडी."

गुरुजी उठून उभेच राहिले. "खालच्या वाडीची सोनाबाई म्हाईत हाये? तिची लेक अनसूया?"

"आनशी?" हिराबाईंनी अंगठा तसाच हवेत धरला. "आनशी जित्ती हाये? अवो, ती न् मी एका दिवसाच्या. एकाच सुईनीच्या हाताखालच्या. माजी आय सांगायची ना. घट बसलं त्या दिशी सकाळी मी झाले. सुईन आमच्याकडं च्या प्यायला बसली, तर आनशीचा बा पळत आला. दुपारी ती झाली."

गुरुजींचा हात पिशवीकडे गेला. "आनि साल? साल कोंचं, बाई?"

"साल?" त्या विचारात पडल्या. मग फार मदत केल्यासारख्या म्हणाल्या, "त्या साली पाऊस लई व्हता."

गुरुजी बाकावर बसले. डोंगरातल्या पावसावरून साल काढायचं म्हणजे कठीणच. साल असतं तर पंचांगावरून तारीख निघाली असती, आणि तारखेवरून राजा, गवई, कुणीतरी निघालं असतं. घटाचा दिवस तर दरवर्षी सरकतो. तो वहीच्या कुठल्या पानावर लिहिणार? मला त्यांच्याकडे बघवेना. मी हिराबाईंचे डोळे मशीनसमोर धरले, आणि मशीनने एकदाचं त्यांना जिवंत मानलं.

थोड्या वेळाने गुरुजी म्हणाले, "राव, एक कोरा कागद द्या. डिंक बी द्या." त्यांनी कागद कापला आणि वहीच्या शेवटी चिकटवला. तीनशे सदुसष्टावं पान. वर लिहिलं, घटाचा दिवस. त्याखाली काहीतरी लिहिलं आणि हिराबाईंना म्हणाले, "चला, घरी."

मी शटर अर्धं ओढून त्यांच्याबरोबर गेलो. काकू ओट्यावरच होत्या. हिराबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. हिराबाई म्हणाल्या, "आनशे, मी सकाळची हाये. पाया पड."

काकू म्हणाल्या, "पाय मोडलाय माजा. तूच वाक." आणि मग दोघी रडायला लागल्या. मला गुरुजींच्या घरात रडू ऐकायची सवय नव्हती, मी उगाच चपला सारख्या करत बसलो.

बऱ्याच वेळाने काकूंनी पदराने तोंड पुसलं. "मग? आता तरी सांगा. माज्या दिवशी कोन जन्मलं?"

गुरुजींनी चष्मा नाकावर आणला. वही उघडली आणि वाचलं, "हिराबाई. खालच्या वाडीची." एवढ्या वर्षांत त्या वहीत पहिल्यांदाच नाव लिहिलेलं होतं.

"आनि काम?"

"कांदा निवडती."

"येक बी नासका सुटत न्हाई," हिराबाईंनी पुस्ती जोडली. गुरुजींनी तेवढंही लिहून घेतलं.

काकू थोड्या ताठ बसल्या. दुकानात लोक बसतात, अगदी तशाच.

दुसऱ्या दिवशी दहाला गुरुजी बाकावर हजर. वही मांडीवर उघडी. हिराबाईंच्या खाली त्यांनी दुसरं नाव लिहिलं होतं, अनसूया. पुढे कामाचा रकाना मोकळा. पेनाचं टोपण काढलेलं. गिऱ्हाइकं आली, तारखा सांगून गेली, गुरुजींनी एकालाही विचारलं नाही. मध्येच म्हणाले, "राव, राजाचं काम एका वळीत बसतं. हिचं कुठनं सुरू करू?" त्या डोंगरातल्या शाळा, प्रत्येक बदलीला नवीन चूल, पोरांच्या जखमांना लावलेली हळद, चाळीस-पंचेचाळीस वर्षं. जेवणवेळ झाली तरी रकाना मोकळाच होता.

मग ते उठले. वही मिटली नाही, उघडीच काखेत धरली.

"तिलाच इचारतो," म्हणाले, आणि घराकडे निघाले.