सोनटक्के सरांचा ध्वनीचा धडा

सोनटक्के सरांबरोबर चहा प्यायचा तर आधी परीक्षा द्यावी लागे. कपात साखर पडून चमचा फिरला की ते तुमचा कप तळहाताने झाकत आणि विचारत, "साखर गेली कुठं?" 'विरघळली' म्हणालात तर सुटका. 'नाहीशी झाली' म्हणालात तर मेलात. "नाहीशी झाली, तर मग गोड काय लागून राहिलंय? तुमचं नशीब?" हिमायतनगरच्या स्टँडवर त्यांनी हे एका कंडक्टरला विचारलं होतं. पुतणीला बघायला आलेल्या मुलालाही विचारलं. मुलगा चुकला. सर तिथल्या तिथं उठले आणि भावाला म्हणाले, "स्थळ नापास."

परवा शाळेत त्यांची शोकसभा झाली. तीन भाषणं झाली, आणि तिन्हींत सर 'शांत आणि मनमिळाऊ' होते. मी मागच्या खुर्चीत संताप गिळत बसले होते. बारा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या वर्गात मराठी शिकवलं. मधल्या भिंतीतून त्यांचं ओरडणं आलं की माझी कविता अर्ध्यावर थांबे. शांत म्हणे! माणूस मेला म्हणून त्याला असा घासूनपुसून गुळगुळीत करायचा हक्क यांना कुणी दिला?

सर चिडत. रोज चिडत. गाइडवर चिडत. "मिश्रण आणि द्रावण यांतला फरक लिहा, म्हणे! अरे, द्रावण बी मिश्रणच हाय. आंबा आणि फळ यांतला फरक विचारता का कधी?" खिचडी शिजवणाऱ्या मावशींवर चिडत, कारण त्या तांदळातले खडे पोरांना न दाखवता निवडून टाकत.

"तो माझा पाठ होता, मावशी!"

"मग उद्या खडे तसेच शिजवते, सर. दात पडले की शिकवा."

सगळ्यात जास्त चिडत ते विज्ञानाच्या कपाटावर. त्याची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. काच फुटली तर कागद रंगवावे लागतात, म्हणून कपाट उघडायचंच नाही. "बाई," सर मला म्हणायचे, "आपल्या शाळेतल्या परीक्षानळ्या एक दिवस काम न करता रिटायर होणार हायेत, बघा."

आणि ते शीतलवर चिडत.

शीतल पाचवीत होती, शेवटच्या बाकावर. सर फळ्याकडे तोंड करून बोलता बोलता प्रश्न टाकत, आणि ती गप्प. ते वळले की ती त्यांच्या तोंडाकडे बघून हसे. त्या हसण्यानं त्यांचं डोकं आणखी फिरे. "मी भिंतीला विचारून राहिलो का?" चौथीपासून हेच चाललं होतं. मी त्यांच्याहून बरी होते असं नाही. तिच्या प्रगतिपुस्तकात मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: लक्ष देत नाही.

शेवटी मुख्याध्यापकांनी तिच्या आईला बोलावलं आणि पोरीचं काही खरं नाही, असं तोंडावर सांगितलं. आई पदराशी चाळा करत म्हणाली, "मग नाव काढून टाकते, सर. माझ्यासंगं कापूस येचायला येईल."

"आठ दिवस थांबा," सोनटक्के सर म्हणाले. दया वगैरे काही नव्हती त्यात. त्यांचा ध्वनीचा धडा राहिला होता, आणि धडा अर्धा सोडून पोरगं गेलेलं त्यांना खपत नसे.

कपाट बंद, म्हणून त्यांनी तेलाचा पत्र्याचा डबा आणला, तोंडावर फुग्याचं रबर ताणून बांधलं आणि वर मीठ पसरलं. जवळ तोंड नेऊन ओरडले तसे कण उड्या मारायला लागले. "आवाज म्हणजे थरथर, पोरांनो! आता डोळे मिटा. मी कुठूनबी डबा वाजवीन. ऐकू आला की हात वर."

भिंतीपलीकडून मला ठकठक ऐकू येत होती. ती थांबेना. पोरंही हसेनात. म्हणून मी जाऊन पाहिलं.

एक सोडून सगळे हात वर होते. सर शीतलच्या पाठीमागे उभे राहून डबा बडवत होते. बाकीच्यांचं बघून तिनंही डोळे मिटले होते, इतके घट्ट की कपाळाला आठ्या पडल्या होत्या. ती वाट बघत होती. सरांनी डबा तिच्या बाकावर ठेवला आणि हळूच एक टिचकी मारली. लाकडातून थरथर गेली असेल. तिचा हात झटकन वर आला.

सर बाहेर आले, दस्तीनं तोंड पुसलं. "दोन वर्षं, बाई! दोन वर्षं मी या लेकराचा रागराग करून राहिलो. आन् रोज सांगून राहिलो, करून पाहा, करून पाहा. मी काय करून पाहिलं?" इतकं चिडलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते मायलेकींना घेऊन नांदेडला गेले. कान तपासले, पुढे यंत्र आलं, नाव काढायचं राहिलं. मी प्रगतिपुस्तकातलं माझं वाक्य खोडलं. ते अजून वाचता येतं.

शोकसभेत मला कुणी बोलायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी त्या डब्याच्या दिवशीचं, शाळा सुटल्यानंतरचं सांगितलं असतं. सरांनी शीतलला थांबवून घेतलं. टेबलावर डबा, पलीकडे ती. सर वाकले आणि मिठाजवळ काहीतरी पुटपुटले. मी दारात होते, मलाही ऐकू आलं नाही. मीठ हललं नाही. शीतलनं मिठाकडे पाहिलं, मग सरांकडे, आणि मान हलवली. हातानं खूण केली: मोठ्यानं.

"माझं चुकलं!"

मैदानातली पोरं जागच्या जागी थांबली. मुख्याध्यापक खोलीबाहेर आले. मीठ उसळून अर्धं टेबलावर सांडलं. शीतल खुदकन हसली. तिनं ते बोटांनी गोळा केलं, पुन्हा डब्यावर नीट पसरलं, आणि परत म्हणा, अशी खूण केली.

सर परत म्हणाले.