दोऱ्याने मोजलेलं विमान

"उद्या अकराला विमान उतरणार. आपण दहालाच निघू या," बायको म्हणाली, तेव्हा भूगोलाचे निवृत्त मास्तर पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बसले होते.

"अकराला नाही, रात्री साडेआठला."

"पोरीनं तर अकरा लिहिलंय. तिथून रात्री साडेनऊला निघणार, सकाळी अकराला पोचणार."

"लिहू दे. लेकीचा भूगोल पहिल्यापासूनच कच्चा." मास्तरांनी दोरा पट्टीवर ठेवला. "अंतर बारा हजार किलोमीटर. विमान तासाला नऊशे धावतं. म्हणजे प्रवास तेरा तास वीस मिनिटांचा. साडेनऊ ते अकरा किती झाले? साडेतेरा. बरोबर जुळलं! म्हणजे दोन्ही वेळा तिकडच्याच घड्याळातल्या. तिकडचं घड्याळ साडेनऊ तास मागे. तिकडे सकाळचे अकरा, तेव्हा इथे रात्रीचे साडेआठ."

"विमानतळावर फोन करून विचारा की एकदा."

"तीस वर्षं रेखांश शिकवले मी. आता चौकशीच्या खिडकीला वेळ विचारू?"

बायको स्वयंपाकघराकडे वळली. मास्तरांपुढे गणित मांडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

खरं तर मास्तरांना या वेळी जराही चूक नको होती. चार वर्षांपूर्वी लेक परदेशी नोकरीला निघाली, तेव्हा ते रुसून आतल्या खोलीत बसले होते. तिला निरोप द्यायला दारापर्यंतसुद्धा आले नव्हते. ते त्यांना अजून खात होतं. या खेपेला विमानतळावर सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यासाठी सदऱ्याला इस्त्रीही स्वतःच केली होती, आणि बाहीवर थोडी जाळलीही होती.

सकाळी टॅक्सीवाल्याचा फोन आला. त्याला मास्तरांनी दहाऐवजी संध्याकाळी साडेसातला यायला सांगितलं. साडेअकराला शेजारचे पोस्टमास्तर आले, तेव्हा त्यांच्यासमोर गोल फिरवून बोट टेकवलं. "आत्ता विमान इथे. खाली नुसता समुद्र."

तेवढ्यात मोबाइल वाजला. अनोळखी नंबर.

"घ्या, लेकीचा असेल," पोस्टमास्तर म्हणाले.

"समुद्रावरून? विमा विकणारे असतील." मास्तरांनी फोन कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला.

पाऊण वाजता दाराची घंटा वाजली. दारात दोन बॅगा आणि त्यांच्यामध्ये लेक.

"अगं, तू आत्ता समुद्रावर आहेस!" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

पोस्टमास्तरांनी गोलावरचा समुद्र बघितला, लेकीकडे बघितलं आणि चपला शोधायला लागले.

सगळा हिशोब ऐकल्यावर लेक दारातच बॅगेवर बसली. "बाबा, तुमचा गोंधळ व्हायला नको म्हणून दोन्ही वेळा मी इथल्याच घड्याळानं लिहिल्या होत्या."

"म्हणजे तेरा तास वीस मिनिटं बरोबरच होती," मास्तर पुटपुटले. "तीस वर्षं पोरांना शून्य वाटले. एक स्वतःसाठी ठेवायला हवा होता."

लेक हसली नाही. "तिकडचं सिम इथे चालेना. एका बाईंचा फोन मागून लावला, तर तुम्ही दोनदा कापलात. मला वाटलं, तुमचा राग अजून गेलाच नाही."

बॅग उचलायच्या निमित्ताने मास्तर खाली वाकले.

"राग नव्हता गं. चुकलो मी. आज चुकलो, आणि तेव्हाही चुकलोच होतो."

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. लेकीला भेटून चहा ठेवायला आत गेलेली बायको हात पुसत लगबगीनं बाहेर आली.

"काय म्हणालात? जरा मोठ्यानं. पस्तीस वर्षांत मी हे पहिल्यांदाच ऐकतेय."