अनाम बुवांची तबकडी

गाणारे गल्लोगल्ली सापडतील मंडळी, पण खरा कानसेन मिळायला भाग्य लागतं! आणि तो आपल्याच घरात, खिडकीजवळच्या आरामखुर्चीत, पाय स्टुलावर टाकून बसलेला असतो, हे मी बायकोला कित्येक वर्षं समजावतोय. ती म्हणते, "कानसेन असाल हो, पण दाराची बेल तेवढी तुम्हाला ऐकू येत नाही." जाऊ दे. घरच्या माणसाची किंमत घरात नसतेच.

पण बाहेर होती! आमचा जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांचा फोनवर एक गट आहे. रोज दिवेलागणीला त्यावर जजसाहेबांचा निरोप येतो, "आज तबकडीवर काय?" मग जो तो आपण काय ऐकतोय ते लिहितो. जजसाहेब म्हणजे निवृत्त न्यायाधीश, आमच्यातले ज्येष्ठ. दातांचे डॉक्टर काहीही ऐकलं तरी एकच शब्द लिहितात, "अप्रतिम!" बँकेतल्या बाई गाण्याबद्दल कमी आणि स्वतःच्या डोळ्यांतल्या पाण्याबद्दल जास्त लिहितात. मी मात्र सविस्तर लिहितो. आणि गटाचा नियम एकच: लिहिलं तर मागेल त्याला ऐकवायचं.

एका संध्याकाळी जजसाहेबांनी लिहिलं, "मी मुलीकडे राहायला जातोय. तिथे जागा नाही. माझा रेकॉर्ड प्लेयर आपल्यापैकी एकाला देणार. ज्याचा कान खरा, त्याला. निकाल राखून ठेवला आहे."

मी स्टुलावरचे पाय खाली घेतले! तो प्लेयर मी त्यांच्याकडे पाहिला होता. झाकण उघडलं की जुन्या लाकडाचा वास यायचा, आणि सुई तबकडीवर अशी उतरायची जणू पाळण्यातल्या बाळाच्या अंगावर कुणी पांघरूण घालतंय. माझा प्लेयर म्हणजे खोकल्याची ढास लागलेला म्हातारा. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. तो प्लेयर मला हवा होता, बस्स!

अशातच बायकोने मला माळ्यावर टेबलफॅन काढायला पाठवलं. फॅन मिळाला नाही. पण एका जुन्या बॅगेत, घडी घातलेल्या पडद्यांच्या खाली, एक तबकडी मिळाली. मधल्या चकतीवर एक अक्षर नाही. कोरी! मी ती पदराखाली बाळ घ्यावं तशी शर्टाखाली धरून खाली उतरलो.

"फॅन?" बायको म्हणाली.

"अगं, वारा काय, येतोच आहे की!" मी म्हणालो.

आता इथे थोडी विद्या सांगतो. आम्हा जाणकारांचं गणित तोंडपाठ असतं: जड तबकडी जोरात फिरवायची, हलकी हळू. ही पुठ्ठ्यासारखी हलकी होती. म्हणून हळूवर लावली. नवख्या माणसाने बटण इकडेतिकडे फिरवून बघितलं असतं. जाणकार असले चाळे करत नाही.

आणि मंडळी, काय सांगू!

दुपारची वेळ. पडद्यातून आलेल्या उन्हात धुळीचे कण तरंगत होते. आधी नुसती खरखर, लांब कुठेतरी पाऊल वाजावं तशी. मग एक आवाज उगवला. पुरुषाचा, खोल, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. एकेक सूर एवढा लांब की मधे माणसाने डुलकी काढून परत यावं. शब्द एकही कळत नव्हता. खोलीतल्या वस्तू आपापल्या जागेवरून अलगद उचलल्या गेल्यासारख्या वाटायला लागल्या. रस्त्यावरच्या गाड्या हळू झाल्या. भिंतीवरचं घड्याळसुद्धा माझ्याकडे बघत थांबलंय असं वाटलं. शेवटी गाणं संपल्यावर एक घोगरा, गंभीर आवाज काहीतरी पुटपुटला आणि शांत झाला.

त्या संध्याकाळी मी लिहिलं: "आज तबकडीवर अनाम बुवा. वय सत्तरीच्या पुढे. जगाची आस सुटलेली. शब्द मुद्दामच अस्पष्ट, कारण जिथे ते पोहोचले तिथे शब्द लागत नाहीत. ऐकताना ढगांच्या गादीवर पडल्यासारखं वाटतं. शेवटी त्यांच्या गुरूंचा आशीर्वाद आहे. ही तबकडी मिळवायला काय काय करावं लागलं, ते विचारू नका."

शिडीवरून माळ्यावर चढणं कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.

गटात खळबळ! डॉक्टर म्हणाले, "अप्रतिम! यांच्याबद्दल ऐकून आहे." बाईंनी लिहिलं, "माझे काका यांच्याच गाण्याने वेडे झाले होते. नुसतं नाव वाचून डोळे भरून आले." नाव तर नव्हतंच! दोन दिवसांत बुवा डोंगरात राहायला गेले, चौथ्या दिवशी त्यांनी बोलणं सोडलं, आणि आठवड्याच्या आत डॉक्टरांनी त्यांची कवळी बसवली होती. मी कशालाच नाही म्हणालो नाही. नाही म्हणायला मला तरी कुठे काय माहीत होतं!

घरात मात्र एक नवल घडलं. सासूबाई आमच्याकडेच राहतात. माझ्या तबकड्यांकडे त्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पण अनाम बुवा लागले की त्या हातातलं विणकाम ठेवून दारात येऊन बसायच्या.

"जावईबापू, लावा ना परत," त्या म्हणायच्या.

"आवडलं ना आई?"

"तुम्हाला कसा वाटतो हो आवाज?" त्या पदराशी चाळा करत विचारायच्या.

"कसा म्हणजे? असा आवाज शंभर वर्षांत एकदा होतो!"

त्या चक्क लाजायच्या. "काहीतरीच तुमचं," म्हणून उठून जायच्या, आणि मग आतून बराच वेळ गुणगुणणं ऐकू यायचं. मी बायकोला म्हणालो, "बघ! माझ्या संगतीत आईंनासुद्धा कान फुटले."

"तुमची जीभ आवरा," बायको म्हणाली.

शेवटी जजसाहेबांचा निरोप आला, "लिहिलंत, आता ऐकवा. रविवारी दुपारी येतो. प्लेयर गाडीतच असेल." म्हणजे निकाल! माझ्या घरात! मी हात टेकेल तिथली धूळ पुसली. बायकोने नवे अभ्रे घातले. सासूबाईंनी ठेवणीतली साडी नेसली. मला वाटलं, पाहुण्यांसाठी.

रविवारी तिघे आले. जजसाहेब खुर्चीत ताठ बसले. डॉक्टर सोफ्यावर. बाईंनी आधीच रुमाल काढला. गाडीतून आणलेला प्लेयर चादरीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवला होता, आणि माझी नजर सारखी तिकडेच.

मी सुई टेकवली.

पुन्हा तीच खरखर, तोच खोल आवाज. पडदे हलले. डॉक्टरांचं तोंड, जे ते आयुष्यभर दुसऱ्यांना उघडायला लावतात, आपणहून उघडलं. बाईंचा रुमाल भिजला. जजसाहेबांचे डोळे मिटले आणि मान हळूहळू छातीवर आली. ती खोली जणू किनारा सोडून निघालेली होडी झाली होती, आणि आम्ही सगळे तिच्यात आडवे. मी मनात प्लेयरची जागासुद्धा ठरवून टाकली.

गाणं संपलं. गुरूंनी आशीर्वाद पुटपुटला. बाई हुंदका देत म्हणाल्या, "किती सोसलं असेल हो या माणसाने!"

आणि दारातून सासूबाईंचा आवाज आला.

"जावईबापू, एक विचारू? हे तुम्ही नेहमी एवढं हळू का लावता?"

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"हळू?" मी म्हणालो.

"म्हणजे मला वाटलं, दर्दी लोक असंच चवीचवीने ऐकत असतील. पण आज पाहुणे आलेत. एकदा नीट लावा ना." आणि त्या सरळ पुढे आल्या, सुई मागे ठेवली आणि बटण शेवटच्या घरापर्यंत फिरवलं.

मंडळी! एक सतरा-अठरा वर्षांची पोर खोलीत उड्या मारत आली. खणखणीत, गोड, हसरा आवाज!

"मऊ मऊ गादी, छान आणि साधी! पाठ टेकण्याआधी, झोप येते आधी!"

आणि मागोमाग गुरूंचा आशीर्वाद: "चौकातलं आपलं गादीघर! कापूस शंभर टक्के अस्सल!"

मी प्लेयरकडे पाहिलं. प्लेयरने माझ्याकडे पाहिलं. धरणी दुभंगली असती तर मी आधी चप्पलसुद्धा शोधली नसती.

"आई, हे कोण?" बायकोने विचारलं.

"मी," सासूबाई म्हणाल्या. "लग्नाआधी. गादीवाल्यांनी जाहिरातीसाठी गाऊन घेतलं, एक तबकडी मला दिली. तुझ्या घरात आले तेव्हा बॅगेत आणली. लग्नानंतर कोण गाऊ देतंय? तुला तरी कुठे ठाऊक होतं?" मग माझ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे पाणावले होते. "एवढ्या वर्षांत माझ्या आवाजाचं कुणी नाव काढलं नव्हतं. तुम्ही रोज म्हणायचात, शंभर वर्षांत एकदा. मला वाटलं, तुम्ही ओळखलंत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर खाली बघून म्हणाले, "अप्रतिम." बाईंनी रुमाल उलटा करून पुन्हा रडायला सुरुवात केली, पण या वेळी खरं रडल्या.

जजसाहेब उठले. घसा खाकरला. "निकाल. या खोलीत खरा कान एकाच व्यक्तीचा आहे. प्लेयर बाईसाहेबांना देण्यात येत आहे." त्यांनी सासूबाईंना वाकून नमस्कार केला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मात्र एवढं नमूद करतो, की यांनी बाकी काही नाही तरी गादी अचूक ओळखली होती."

प्लेयर आता सासूबाईंच्या खोलीत आहे. त्या गटातही आहेत. "आज तबकडीवर काय?" विचारलं की त्या दोन ओळी लिहितात आणि डॉक्टर, बाई, सगळे धावत ऐकायला येतात. मी दुपारी त्यांच्या दारावर टकटक करतो.

"या जावईबापू. काय लावू?"

"तीच."

"जोरात की हळू?"

मी मान खाली घालतो. "हळू."

"मलाही हळूच आवडते," त्या कुजबुजतात. "जोरात लावली की गादी विकल्यासारखं वाटतं. हळू लावली की, तुम्ही लिहिलं होतंत ना, तसं वाटतं."

मग सुई उतरते, पांघरूण घातल्यासारखी. धुळीचे कण उन्हात तरंगतात, अनाम बुवा विहिरीच्या तळातून वर येतात, सासूबाईंची बोटं मांडीवर ठेका धरतात, आणि मी खुर्चीत जरा डोळे मिटतो. गाण्याचा आस्वाद घ्यायला, बरं का!

काल त्याच वेळी दाराची बेल बराच वेळ वाजत होती म्हणे. मला नाही बुवा ऐकू आली.