नाना खैरनारांचा थंड तवा

जिन्यात कुणी भेटलं की नाना खैरनार नमस्कार करत नसत. थांबायचे, मान किंचित वर करायचे आणि विचारायचे, "वास येतोय का कसला?"

उत्तर काहीही दिलं तरी पंचाईत. "नाही" म्हटलं तर "नक्की?" आणि "हो" म्हटलं तर कसला, कुठून, कधीपासून अशी उलटतपासणी. नव्याने राहायला आलेल्या बिऱ्हाडाला वाटायचं, आपल्या फोडणीबद्दल तक्रार आहे. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कुलकर्णी तर वर्षभर समजत होते, की नाना त्यांच्या मोज्यांविषयी बोलतात.

नाना जाऊन दोन महिने झाले. मी हे थांबत थांबत लिहिते आहे. त्यांच्याविषयी काही ठाम लिहायला गेलं, की ते पाठीमागून "यात काहीतरी आहे" म्हणतील असं वाटतं. हे त्यांचं दुसरं वाक्य. दूध पातळ आलं, यात काहीतरी आहे. दूध घट्ट आलं, मग तर नक्कीच आहे.

इंदिरानगरमधल्या आमच्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर राहत, मी तळमजल्यावर. मूळचे सटाण्याकडचे. पिंपळगावच्या बाजूला द्राक्षांच्या एका शीतगृहात तीस वर्षं यंत्रं सांभाळून निवृत्त झालेले. मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली, तेवढ्यावरून मला त्यांच्या संशयितांत वरची जागा होती. "वाचणारी माणसं बोलत नाहीत, नोंद ठेवतात," असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला त्यांच्या पत्नीला, सुमनकाकूंना, घशाचा आजार निघाला. किरणांचे बत्तीस शेक ठरले. अठराव्या शेकापर्यंत तोंड आतून सोलवटून निघालं. गरम घास जाईना, तिखटाचं तर नावच नको. गार तेवढं सोसायचं; पण आइस्क्रीमच्या गोडाने मळमळायचं आणि फ्रीजमधला बर्फ तोंडात खुपायचा. वजन चाळीस किलोवर आलं. अडतीसच्या खाली गेलं तर शेक थांबवावे लागतील, असं डॉक्टर म्हणाले. थांबवले तर पुढे काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि नानांनी विचारलं नाही. मला जिन्यात एवढंच म्हणाले, की त्या डॉक्टरचा काटा चुकीचा आहे, यात काहीतरी आहे. मग त्यांनी बाजारातून नवा काटा आणला. तोही चाळीसच दाखवत होता.

त्यानंतर आठवड्याभरात रोज दुपारी चारच्या सुमाराला इमारतीतले पंखे मंदावू लागले. दुसऱ्या मजल्यावरून घरघर ऐकू यायची. कुलकर्णी दोनदा वर जाऊन आले. नानांनी दाराची साखळी काढली नाही, पण फटीतून जे दिसलं ते कुलकर्णींना पुरेसं होतं. स्वयंपाकाच्या ओट्यावर, गॅसच्या शेगडीला लागून, एक जाड चौकोनी पत्रा. त्याच्या खालून तांब्याच्या नळ्या निघून एका जुन्या फ्रीजच्या कॉम्प्रेसरला गेलेल्या. पत्र्यावर बर्फाची पांढरी साय आणि शेजारी पळी, उलथणं, दुधाचं पातेलं.

संध्याकाळपर्यंत निकाल लागला. घरगुती मीटरवर कुल्फीचा धंदा.

"बायको अन्नावाचून झिजतेय," कुलकर्णी आवारात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आणि हे गृहस्थ कुल्फ्या पाडतायत."

मनातून मलाही ते पटलं होतं. हे आज लिहून टाकलेलं बरं.

नानांचंही आमच्याविषयी मत पक्कं होतं. आम्ही सगळे त्यांची रचना चोरायला टपलो होतो. त्यांनी दाराच्या कुलपाच्या भोकावर चिकटपट्टी लावली. मीटर बघायला आलेल्या माणसाला त्याच्या आईचं नाव विचारलं.

आणि मग एका सकाळी ते माझ्या दारात उभे. बोटांची टोकं सोललेली, कारण ओलं बोट त्या पत्र्याला लागलं की चिकटायचं आणि सोडवताना कातडी तिथेच राहायची. वासाचं त्यांनी काही विचारलं नाही.

"बाई, काल मी तिला नासलेलं दूध दिलं," ते म्हणाले.

मग सांगत गेले. दूध गोठवून चकती केली, काकूंनी ती विश्वासाने तोंडात धरली आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं बाहेर आलं. आज काटा एकोणचाळीसच्याही खाली होता. दूध रतीबवाल्याने मुद्दाम दिलं असं सांगायला ते आले आहेत, असा माझा समज झाला. पण ते उंबऱ्याकडे बघत म्हणाले, "मला वास येत नाही. चवही जवळजवळ नाही. अमोनियानं कधीच गेलं सगळं."

शीतगृहात गळती झाली होती, तरुणपणी. ही गोष्ट फक्त काकूंना माहीत होती. इतकी वर्षं घरातली प्रत्येक गोष्ट आधी काकू चाखत, मग नाना जेवत. काकूंची जीभ सोलल्यापासून हा माणूस बंद पुड्यातल्या बिस्किटांवर राहत होता. बाकी कशाचीच त्यांना खात्री देता येत नव्हती.

"कुणाला सांगू नका," म्हणाले, आणि जरा थांबून, "तुम्ही तशाही सांगणार नाही."

मी चप्पल घातली.

वर गेल्यावर त्यांनी आधी दाराला साखळी लावली आणि मग मला तो गार पत्रा, त्यांच्या भाषेत तवा, समजावला. हळू गोठलं की पदार्थात खडे धरतात, तेच तिला टोचतात. झटक्यात गोठलं की लोण्यासारखं मऊ राहतं. शीतगृहाच्या धंद्यात ही अक्कल सगळ्यांना असते, पण वरणावर कुणी वापरली नव्हती. मुगाचं पातळ, गाळलेलं वरण त्यांनी पळीभर ओतलं. पत्रा चर्रर्र वाजेल असं उगाच वाटलं. तो गप्प होता. वीस आकडे मोजून त्यांनी उलथण्याने बत्ताशाएवढी चकती सोडवली आणि माझ्यासमोर धरली.

मी म्हटलं, "छान आहे."

"छान कुणी विचारलंय? मीठ सांगा."

ते माझ्या बोलण्याकडे नव्हे, भुवयांकडे बघत होते. चार दिवस मी दुपारी चारला वर जात राहिले. हिंग जास्त, हळद कच्ची, जिरं जळलं, असं सगळं खरं खरं सांगायला शिकले. आयुष्यात इतकं स्पष्ट मी कुणाशी बोलले नव्हते. कुलकर्णींनी मला जिन्यात गाठून, "म्हणजे तुम्हीही त्यात?" एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले. काकूंना नाना तोवर ताकात कालवलेला मऊ भात गार करून चमच्याने भरवत होते. वजन एकोणचाळीसच्या खाली रेंगाळत होतं.

पुढे काकूंचे उरलेले शेक पूर्ण झाले आणि त्याचं श्रेय नाना शेवटपर्यंत कॉम्प्रेसरला देत राहिले. मला मात्र आठवते ती पाचव्या दिवशीची दुपार.

त्या दिवशीच्या वरणात मला काही दोष सापडला नाही. नानांनी मला तीनदा "नक्की?" विचारलं आणि मग स्टीलच्या ताटलीत चकती घेऊन ते आतल्या खोलीत गेले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी चकती जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. नाना ताटली धरून तसेच वाकून उभे. खोलीत फक्त त्या कॉम्प्रेसरची घरघर येत होती. काकूंचा गळा हलला. मग पुन्हा हलला.

"मीठ कमी शे," काकू त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज मी नीट ऐकला.

नानांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी तर बरोबर आहे म्हणाले होते. मी नजर खाली घातली.

काकूंनी दुसरी चकती मागितली. ती आल्यावर तिचे दोन तुकडे केले, एक आपल्या तोंडात ठेवला आणि दुसरा नानांपुढे धरला.

"चांगलं शे. खा आता."

नानांनी तो घेतला. कुणाकडे बघितलं नाही, काही विचारलं नाही. पलंगाच्या कडेवर बसले आणि सावकाश चावून खाऊ लागले, चावण्यासारखं त्यात काही नसतानाही.