बावन्न मिलिमीटरचं गुपित

सोमवारी सकाळी सूनबाईने ऑफिसात पहिलं पाकीट फोडलं, तर आत सासऱ्यांचं पत्र. तासाभरापूर्वी याच सासऱ्यांनी तिच्या हातचा चहा घेतला होता आणि 'साखर कमी आहे' एवढंच म्हटलं होतं. पत्रात मात्र 'माननीय चौकशी अधिकारी महोदया' अशी सुरुवात होती.

ती लेथचे चक बनवणाऱ्या कंपनीत चौकशी विभागात होती. विभाग म्हणजे ती, एक टेबल आणि एक ट्रे. चक म्हणजे लेथवर लाकडाचा ठोकळा जबड्यांत धरून गरागरा फिरवणारा लोखंडी पंजा. सासरे हाडाचे कातारी. लाकूड कातून वाडगे आणि खुर्च्यांचे पाय करण्यात त्यांची हयात गेली होती, आणि आता ते कातारी मंडळाचे चिटणीस झाले होते. गेल्या महिन्यात मंडळातल्या एकाचा वाडगा याच कंपनीच्या चकमधून सुटला आणि शेजाऱ्याच्या खिडकीची काच फोडून थेट त्याच्या दिवाणखान्यात गेला. चकमध्ये किती जाडीचं लाकूड धरावं आणि तो किती वेगाने फिरवावा, यावर मंडळात चौदा माणसांची पंधरा मतं पडली. शेवटी ठराव झाला, की कंपनीकडून आकडे लेखी मागवावेत.

सूनबाईची सहा महिन्यांची उमेदवारी महिनाअखेर संपत होती. ट्रेमध्ये एकही पत्र शिल्लक राहिलं किंवा एकही तक्रार आली तर नोकरी कायम होणार नाही, असं साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ट्रेमध्ये आता एकच पत्र होतं, आणि तेही घरचं.

"बाबा, हे घरी विचारता आलं नसतं का?" संध्याकाळी तिने विचारलं.

"घर वेगळं, मंडळ वेगळं," सासरे म्हणाले. "आणि उत्तर गोलमाल आलं तर मला तक्रार करावी लागेल हं. मनाला लावून घेऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी ती आकडे शोधायला निघाली. विक्री विभागाने रंगीत माहितीपत्रक पुढे केलं. त्यात 'भक्कम, देखणा, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा' असं होतं, आकडा एकच होता, तो फोन नंबर.

"पण फेरे किती सोसतो?" तिने विचारलं.

"लिहा ना, भरपूर."

कारखान्याच्या फोरमनने डोकं खाजवलं. "आम्ही जुना चक समोर ठेवून नवा करतो, मॅडम."

"आणि तो जुना कशावरून केला?"

"त्याच्या आधीच्यावरून. पहिला ज्यांनी केला ते रिटायर झाले."

"पण कधी लाकूड लावून फिरवून पाहिला असेल ना?"

"आपण चक विकतो, फिरवत नाही," फोरमन म्हणाला. अख्ख्या कारखान्यात लाकडाचा एक तुकडा नव्हता, हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं.

महिना संपायला चार दिवस उरले. त्या संध्याकाळी सूनबाई घरामागच्या शेडमध्ये गेली. सासरे लेथवर वाडगा कातत होते आणि भुशाने त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"बाबा, हा चक नीट धरतो कधी?"

"बावन्न मिलिमीटरला," ते हात न थांबवता म्हणाले. "तेव्हा चारही जबडे मिळून पक्का गोल होतो. त्याहून जाड घेतलं तर कोपरे रुततात, बारीक घेतलं तर नुसता टेकतो. आणि मिनिटाला बाराशे फेऱ्यांच्या वर कुरकुरायला लागतो. तिथे थांबावं."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"हाताने."

"मग कंपनीला कशाला विचारता?"

"अगं, माझ्या हाताला कंपनीचा शिक्का आहे का?"

सूनबाईने रात्री ते आकडे व्यवस्थित तक्त्यात बसवले आणि सकाळी साहेबांपुढे ठेवले.

"कुठून मिळाले?" साहेबांनी विचारलं.

"एका अनुभवी तज्ज्ञाकडून."

साहेबांनी तक्ता दोनदा वाचला. "म्हणजे इतकी वर्षं ही माहिती आपल्याकडे नव्हती?"

"नाही सर."

"आणि आता फक्त आपल्याकडे आहे?"

"हो, तसंच म्हणायचं."

"मग ती बाहेर कशी जाऊ द्यायची?" साहेबांनी 'गोपनीय' असा शिक्का मारला, तक्ता कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली.

तिने बिचारीने गयावया केली, पण व्यर्थ. अखेर साहेबांनी सांगितलं तसं उत्तर तिने टाइप केलं: 'आपण विचारलेली सर्व माहिती कंपनीकडे उपलब्ध आहे. तथापि ती गोपनीय असल्याने कळवता येत नाही.' आता तक्रार येणार आणि नोकरी जाणार, हे ती धरूनच चालली. रविवारी सासरे ते पत्र घेऊन मंडळाच्या सभेला गेले, तेव्हा ती दिवसभर दारातच घुटमळत होती.

सासरे परतले ते खुशीत. "सगळ्यांचं समाधान झालं," ते म्हणाले. "मला वाटत होतं, त्यांना स्वतःलाच काही माहीत नसणार. पण त्यांच्याकडे सगळं आहे, कपाटात, कुलपात. मोठी कंपनी ती. मंडळाने आभाराचा ठराव केला."

ठराव साहेबांना पोचला आणि सूनबाई कायम झाली. नेमणूकपत्रातल्या चौथ्या कलमात लिहिलं होतं, की गोपनीय माहिती कोणालाही, विशेषतः नातेवाइकांना, सांगू नये. तिने सही केली आणि घरी आली. घरात सगळ्यांना आनंद झाला. सासऱ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग जरा वेळाने हळूच म्हणाले, "सूनबाई, त्यांनी नेमके काय आकडे काढले असतील गं? आमचं आपलं अंदाजपंचे. आयुष्यभर चुकीचंच कातत आलो असेन, तर निदान कळायला तरी हवं."

तिला भरून आलं. ज्या माणसाच्या हातामुळे ती कायम झाली, तोच आपल्या हाताला नावं ठेवत होता. चौथं कलम गेलं उडत, असं म्हणून ती त्यांच्या कानाशी वाकली.

"बाबा, कोणाला सांगू नका. बावन्न मिलिमीटर. आणि बाराशे फेरे."

सासरे हसले. मग त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं.

"पोरी, मला बरं वाटावं म्हणून माझेच आकडे मला सांगतेस होय? राहू दे. उगीच माझ्यासाठी नोकरी धोक्यात घालू नकोस."